कुरडई लाल, चटणीला बुरा, कूलरखाली घाम: उन्हाळी कामात या चुका टाळा

होळी झाली की सांगलीत गच्च्यांवर जुन्या साड्या पसरल्या जातात, आणि त्याच आठवड्यात तेच ते प्रश्न सुरू होतात. कुरडई तळल्यावर लाल का? चटणी दोन महिन्यांत का बिघडली? कूलर लावूनही अंग चिकट का? उत्तरं सगळ्यांना माहीत असतात. पण गहू भिजून दुसरा दिवस उजाडला की धीर सुटतो.

कुरडईपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथेच होते.

गहू तीन दिवस भिजवायचे म्हणजे तीन दिवस, कमी नाही. "मिक्सर आहे की, दीड दिवसात होतंय" हे ऐकलं की पुढचं सगळं दिसायला लागतं. पाणी रोज बदलायचं, आणि पारा चाळिशीला टेकला असेल तर सकाळ-संध्याकाळ. नाही बदललं तर आंबूस वास धरतो, आणि तो वास तळणीतही जात नाही. गहू झाले का हे दिवस मोजून नाही, बोटांनी कळतं. दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध उडालं पाहिजे आणि साल रिकामं हातात राहिलं पाहिजे. दूध न येता दाणा नुसता चेपला, तर आणखी एक रात्र ठेवा.

वाटताना पाणी सढळ घाला आणि मिक्सर थांबत-थांबत फिरवा. चोथा पातळ फडक्यातून पिळून झाला की परत पाण्यात कालवून पिळा, असं दोन-तीनदा, म्हणजे चीक वाया जात नाही. मग तो रुंद तोंडाच्या पातेल्यात रात्रभर हलू न देता ठेवायचा. सकाळी वर पिवळसर पाणी आणि तळाला घट्ट पांढरा चीक. ते पिवळं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत ओतून टाकायला लागतं. गव्हातली प्रथिनं आणि साखर त्यातच उतरलेली असते. तीच तेलात करपते आणि कुरडई लाल होते. बायका दोष गव्हाला देतात, तेलाला देतात, दुकानदाराला देतात. वर दोन तांबे स्वच्छ पाणी घालून, ढवळून, पुन्हा चार तास निवळू दिलं आणि तेही ओतलं, तर कुरडई शुभ्र निघते. आळस नेमका इथेच होतो.

शिजवताना चीक वाटीनं मोजा आणि त्याच वाटीनं तेवढंच पाणी आधणाला ठेवा. त्यात मीठ, हिंग, चमचाभर तेल. मीठ चाखून घाला आणि किंचित अळणीच ठेवा, वाळल्यावर खारटपणा वाढतो. तळाला बसलेला चीक दगडासारखा असतो, तो आधी हातानं मोडून सैल करा. मग एकीनं बारीक धार धरायची आणि दुसरीनं लाटण्यानं न थांबता घोटायचं. हे एकट्यानं करायचं काम नव्हे. मंद आचेवर झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं वाफ द्या, मध्ये मध्ये घोटा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली, ओला हात लावला तर चिकटलं नाही, की झाला. मध्ये पांढरे कण राहिले तर त्या कुरडया वाळताना मोडतात आणि तळल्यावर दाताखाली खडा लागतो.

विश्रामबागेतल्या एका घरी पाच किलो गव्हाचा चीक एकाच पातेल्यात शिजवला. सोऱ्या एकच, दाबणाऱ्या दोघी. नऊ वाजेपर्यंत निम्मा झाला आणि उरलेला गार होऊन रबरासारखा झाला. सोऱ्याचा दांडा हलेना. शेजारच्या काकू जिन्यातूनच म्हणाल्या, "अगं, तांब्याभर कढत पाणी घाल की, सैल होईल." घातलं. सोऱ्यातून तारेऐवजी लापशी पडली आणि प्लॅस्टिकवर चपात्यांसारखे थर बसले. चारच्या सुमाराला वळीव आला. प्लॅस्टिक चारी कोपऱ्यांनी उचलून त्याचं गाठोडं केलं आणि ते पायऱ्यांवर ठेवलं. सकाळी उघडलं तर आत सगळा एक गोळा, आणि असा आंबट वास की म्हैसही तोंड लावेना.

म्हणून एका वेळी दीड किलो गव्हाच्या वर जाऊ नका. पातेलं कढत पाण्याच्या परातीत ठेवा, वर ओलं फडकं. चीक गार झालाच तर पाणी न घालता गोळे करून चाळणीवर पाच मिनिटं वाफवा, पुन्हा मऊ होतात. शिजवायच्या दिवशी सकाळी आठच्या आत शेवटची कुरडई पडली पाहिजे. आणि जमिनीवर नको, बाजेवर घाला. वळीव आला तर दोघं जण बाज उचलून आत आणतात, एक कुरडई मोडत नाही. संध्याकाळी अलगद उलटायच्या, तीन-चार कडक उन्हं द्यायची, आणि मोडताना कट्‌ असा आवाज आल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत.

उरलेला भुसा टाकू नका, भुसवड्या करा. कढईच्या कडेचा गरम चीक वाटीत घेऊन वर दूध-साखर घातली की पोरं गच्चीवरून हलत नाहीत. चीक खाणाऱ्यांची तोंडं न मोजता गहू भिजवणं, हीसुद्धा नेहमीची चूक.

पापडाबद्दल एकच सांगायचं: उडदाचा पापड भर उन्हात टाकला की कडा वळतात आणि चिरतो. त्याला आधी सावली, मग जरासं ऊन. वेफर्सना जुना बटाटा घ्या. नव्या बटाट्याचे आणि कोल्ड स्टोरेजच्या गोड पडलेल्या बटाट्याचे लाल होतात, मग तुरटी कितीही फिरवा. आणि किसल्या-किसल्या पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात.

आता चटणी. सांगली-साताऱ्यात चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. हिला बुरा येतो तो कांद्यामुळे, मिरचीचा बिचारीचा काही दोष नसतो. कांदा पातळ चिरून दोन उन्हं कागदासारखा वाळवायचा आणि मग तेलात कडक, गडद होईपर्यंत तळायचा. बोटात चुरला पाहिजे. ओला कांदा थेट कढईत टाकून "लाल झाला की" म्हणणाऱ्यांच्या चटणीला आषाढात पांढरे ठिपके येतात. एक किलो मिरचीला (सहाशे ग्रॅम बेडगी रंगाला, चारशे संकेश्वरी तिखटाला) अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, दोनशे ग्रॅम धने, शंभर ग्रॅम तीळ आणि पाव किलो भाजलेलं खडामीठ. घराघराचा अंदाज वेगळा, पण मिठात हात आखडू नका, चटणी त्याच्यावरच टिकते.

दुसरी चूक डंकावरून (चटणी कुटायच्या गिरणीवरून) आल्यावरची. कुटलेली चटणी गरम असते. ती तशीच बरणीत भरली की झाकणाला आतून घाम धरतो आणि तो थेंब परत चटणीत पडतो. परातीत पसरून वर पातळ फडकं टाका आणि तीन-चार तास विसरून जा. पूर्ण गार झाल्यावर दाबून भरा, मध्ये पोकळी ठेवू नका, थरात दोन-तीन हिंगाचे खडे टाका.

कूलरच्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारी बंद खिडकीच्या असतात. एसीची सवय झालेला माणूस दारं-खिडक्या लावून कूलर सुरू करतो आणि तासाभरानं खोलीची न्हाणी होते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून ती गार होते. पण ती वाफ सोबत आत येते आणि तिला बाहेर जायला वाट पाहिजे. कूलरची पाठ खिडकीबाहेर असू द्या आणि समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. तिच्यापाशी वर्तमानपत्राचा तुकडा धरा, तो बाहेरच्या बाजूला उडाला पाहिजे. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तीच ती ओली हवा फिरवत बसतो. मेअखेरीला वळवानंतर हवाच दमट असते, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. त्या दिवसांत कूलरला शिव्या देऊन उपयोग नाही.

सुरू करताना आधी दहा मिनिटं नुसता पंप, पॅड भिजू द्या, मग पंखा. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही आणि हातानं ढकलला की फिरतो, तर कपॅसिटर गेलाय. अर्थात ढकलून बघू नका, प्लग काढून मिस्त्रीला बोलवा. बोअरच्या जड पाण्यानं पॅडवर पांढरी खपली धरते आणि हवा अडते. वरून भर घालत राहिलं की क्षार साठत जातात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची, कडा घासायच्या आणि तासभर कोरडी ठेवायची. घासणं महत्त्वाचं, कारण डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटवतो, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

आणि ही चूक मात्र माफ नाही. पत्र्याच्या कूलरची तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात बसवणारे लोक अजून आहेत. ती पिन अर्थिंगची असते. पंपाची वायर आत पाण्यात खराब झाली की सगळा पत्रा जिवंत होतो, आणि ओल्या फरशीवर अनवाणी पोर त्याला हात लावतं. तीन पिनांचाच प्लग, बोर्डाला खरं अर्थिंग, आणि घराला तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग बाहेर काढायचा. घाई आहे म्हणून चालू कूलरमध्ये पाइप सोडणाऱ्याशी वाद घालू नये, सरळ प्लग उपटावा.

माठाचं थोडक्यात. नवा माठ एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून ठेवा, पहिले दोन-तीन दिवसांचं पाणी झाडांना. साबण लावू नका, तो छिद्रांत बसतो आणि पाण्याला चव येते. काथ्यानं नुसतं घासा. रंगवलेला, चकचकीत माठ दिसायला छान, पण तो पाझरत नाही, आणि पाझर नाही तर गारवा नाही. स्वयंपाकघराच्या कोंदट कोपऱ्यात ठेवून "यंदाचा माठ वाईट निघाला" म्हणू नका. वारा लागेल तिथे, ओल्या वाळूवर ठेवा. जुना माठ गार करेनासा झाला तर क्षारांनी छिद्रं बुजलीत: घासून दिवसभर उन्हात पालथा घाला, फरक नाही पडला तर त्यात तुळस लावा.

राहिलं लोणचं. एप्रिलची कैरी बघून हात शिवशिवतात, पण बाठ कडक झाली नसेल तर फोड महिन्यात मऊ पडते. ती कैरी पन्ह्याला आणि मेथांब्याला ठेवा. लोणच्याची कैरी फोडताना बाठीचा खणखण आवाज आला पाहिजे. फोडी करण्याआधी धुवा, पुसा, वाऱ्यावर सुकवा. फोडी केल्यावर धुणाऱ्याला बरणीला हात लावू देऊ नका. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. फोडणी पूर्ण गार करून घाला, गरम तेलात मोहरीची डाळ कडवट होते. दुसऱ्या दिवशी फोडी खाली बसतात तेव्हा तेल पुरेसं आहे का बघा, फोडींच्या वर बोटभर थर पाहिजे. कमी असेल तर आणखी तेल कडकडीत तापवून, गार करून ओता. आणि रोजच्या जेवणाला मोठी बरणी काढू नका, आठवड्यापुरतं लोणचं लहान बरणीत काढून ठेवा.