‘रोगप्रतिकारक’ वाटाणा निवडताना या चुका टाळा

बियाण्याच्या दुकानात गेल्यावर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, “उतारा (उत्पादन) किती पडतो?” वाटाण्याच्या बाबतीत हा प्रश्न तिसरा यायला हवा. त्याआधी पेरणी कधी होणार आणि आपल्या रानात कोणता रोग येतो, हे पक्कं असलं पाहिजे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पिशवीवरचा ‘रोगप्रतिकारक’ हा एकच शब्द वाचून बियाणं उचलणं. कोणत्या रोगाला प्रतिकारक, ते विचारा. मी एका हंगामात भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी पूड आणणाऱ्या बुरशीच्या रोगाला, दाद न देणारं वाण आणलं. भुरी खरंच आली नाही, बियाण्यात खोट नव्हती. पण पीक फुलोऱ्यात येताना जागोजागी झाडं खालून पिवळी पडू लागली, पानांच्या कडा खाली वळल्या आणि आठवड्याभरात रानात टकलं दिसायला लागली. त्या रानात सलग तिसऱ्या वर्षी वाटाणा होता. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते आणि भुरीच्या प्रतिकारशक्तीचा तिच्यापुढे काही उपयोग नसतो.

म्हणून वाण निवडायच्या आधी रोग ओळखा. सुकणारं झाड उपटून बुडाशी उभं चिरा. आतल्या शिरा नारिंगी किंवा विटकरी झालेल्या दिसल्या, तर ती मर. मूळच काळं पडलं असेल आणि ओढल्यावर त्याची साल हातात निसटत असेल, तर ती मूळकूज. तिथे दोष बहुतेक वेळा साचलेल्या पाण्याचा असतो. वाण बदलण्याआधी निचरा सुधारा. आणि मर असेल तर प्रतिकारक वाणासोबत बेवडही बदला, त्या रानात तीन-चार वर्षं ज्वारी, बाजरी, मका घ्या.

भुरी ओळखणं सोपं, पानावर बोट फिरवलं की पांढरी पूड बोटाला लागते. दिवसा कोरडी हवा, रात्री गारवा आणि दव असलं की ती झपाट्याने पसरते. उशिरा पेरलेल्या रब्बी वाटाण्यावर म्हणूनच तिचा जोर जास्त. अर्केल आणि बोनव्हिले ही दोन्ही नावाजलेली वाणं, पण दोन्ही भुरीला बळी पडतात. तरी अर्केलला मी बाद करणार नाही. त्याची पहिली तोडणी साधारण ५५-६० दिवसांत येते. वेळेवर पेरलं तर भुरी जोर धरायच्या आत बरेच तोडे हाती लागतात. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का अजित भुरी आणि तांबेरा (पानांवर तांबूस पुटकुळ्या आणणारा रोग) दोन्हींना प्रतिकारक आहे, पण ते ९० दिवस घेतं. जबलपूरचं जवाहर मटर ८३ हेही भुरीला तोंड देणारं.

इथेच पेरणीची तारीख आडवी येते. वाटाण्याला गारवा लागतो. फुलोऱ्यात पारा तिशीच्या वर गेला की फूल गळतं, शेंगेत दाणे भरत नाहीत. नोव्हेंबर संपताना ९० दिवसांचं वाण पेरलं तर शेंगा फेब्रुवारीच्या उन्हात सापडतात. पुरंदरचा शेतकरी खरिपातसुद्धा वाटाणा पिकवतो, कारण तिथली पावसाळी हवा गार असते. त्याचं वाण आणि त्याची तारीख उष्ण भागात जशीच्या तशी उचलू नका.

उताऱ्याचा आकडा वाचतानाही गफलत होते. अर्का अजितचं उत्पादन हेक्टरी १० टन सांगतात, म्हणजे एकरी ४० क्विंटल हिरव्या शेंगा, तेही चांगल्या व्यवस्थापनात. हेक्टरचा आकडा एकराचा समजून कित्येकांनी खर्चाचं गणित मांडलेलं मी पाहिलंय. शिवाय शेंगा एकदम तयार होणारं वाण दोन-तीन तोड्यांत आटपतं. मजुरीचे आजचे दर पाहता, मला चार क्विंटल जास्त देऊन सहा तोडे मागणाऱ्या वाणापेक्षा तेच परवडतं.

‘हायब्रिड वाटाणा’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले तर थांबा. वाटाणा स्वपरागी पीक आहे, म्हणजे त्याचं फूल आपल्याच परागाने फळतं, त्यामुळे त्याचं संकरित (हायब्रिड) बी सहसा बनत नाही. बाजारात मिळतात ती सुधारित सरळ वाणं. निळा टॅग असलेलं प्रमाणित बियाणं घ्या आणि पावती, टॅग, रिकामी पिशवी हंगाम संपेपर्यंत सांभाळा.

उगवण कमी झाली की खापर वाणावर फुटतं. पण गोड वाणांचं सुरकुतलेलं बी ओल्या रानात लवकर कुजतं, म्हणून जादा पाणी निघून जमिनीला वापसा आल्यावरच पेरा. त्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभरात किती दाण्यांना मोड येतात ते मोजा. पेरताना बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा, आणि रायझोबियम (मुळांवर नत्र साठवणारे जिवाणू) हेही लावा.

नवं वाण पहिल्याच वर्षी सगळ्या रानात नको. नेहमीच्या वाणाशेजारी चार सऱ्या त्याच दिवशी पेरा, खुंटीला नाव बांधा आणि प्रत्येक तोड्याचं वजन वहीत वेगळं लिहा.