तळटिपा ईबुकात नेताना

गोव्याच्या इतिहासावरचं मराठी पुस्तक ईबुक करायला हाती आलं, की आधी तळटिपा पाहाव्यात. गावकरी पद्धतीवर (गावच्या जमिनीच्या सामूहिक कारभारावर) लिहिणारा लेखक १५२६ च्या फोरालचा, म्हणजे गावांचे रिवाज नोंदवणाऱ्या पोर्तुगीज सनदेचा, आधार देतो, त्यातला पोर्तुगीज उतारा टिपेत ठेवतो. पुस्तकाचा सगळा पुरावा तिथेच असतो. ईबुकात अक्षर मोठं केलं की मजकूर सरकतो, म्हणून पानाखालची जागा राहत नाही. तिच्याऐवजी दुव्यांची जोडी करावी लागते: आकड्यावरून टिपेकडे आणि टिपेवरून परत आकड्याकडे.

वर्डच्या फाइलीत मजकुरातल्या आकड्यावर डबल क्लिक करा. कर्सर टिपेवर गेला तर टीप खरी आहे. अशी फाइल कॅलिबर या ईबुक बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली की दोन्ही दुवे आपोआप तयार होतात. नाही गेला तर कोणीतरी आकडा नुसता टाइप करून वर चढवलेला आहे, आणि पुढचं काम हातानेच.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत त्रास जास्त. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना कन्व्हर्टर पोर्तुगीज अक्षरांनाही जुन्या फाँटचे संकेत समजतो आणि त्यांची भलतीच मराठी अक्षरं करतो. म्हणून पोर्तुगीज उतारे आधीच वेगळे काढून ठेवावेत, मागाहून बसवावेत आणि छापील प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. ‘सी’खालची शेपटी आणि ‘ए’वरची नागमोड हमखास गळते. पीडीएफमधून मजकूर घेतला तर टीप चालू वाक्याच्या मध्येच येऊन पडते, आणि दोन पानांवर पसरलेल्या टिपेचे दोन तुकडे होतात. इथे छापील प्रत शेजारी हवीच.

सिगिल या ईबुक संपादकात आकडे शोधताना शोधाच्या नमुन्यात (रेगेक्समध्ये) ‘०-९’ हे देवनागरी अंक स्वतः लिहावेत; अंकांची नेहमीची खूण बऱ्याच साधनांत फक्त इंग्रजी आकडे (0-9) पकडते. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये ¹ ² ³ सारखी वर चढवलेली वेगळी रूपं नाहीत, त्यामुळे आकडा वर चढवणारा ‘सप’ (sup) टॅगच वापरायचा. आकार ०.७५ एम (मजकुराच्या पाऊणपट) आणि लाइन-हाइट शून्य ठेवली की ओळी फाकत नाहीत. एकटा आकडा बोटाने नीट दाबता येत नाही, म्हणून तो चौकटी कंसात घालून कंसही दुव्यात घ्यावा.

प्रत्येक टिपेचा आयडी (दुवा जिथे पोहोचतो तिथलं नाव) रोमन अक्षराने सुरू करावा आणि त्यात प्रकरण व टीप असे दोन्ही क्रमांक घालावेत. प्रत्येक प्रकरणात टिपा १ पासून सुरू होतात. सगळी प्रकरणं एका फाइलीत आली की नुसत्या क्रमांकाचे आयडी एकमेकांवर आदळतात. ईपब ३ या ईबुक-फाइलीच्या प्रकारात दुव्याला ‘नोटरेफ’ आणि टिपेच्या ‘असाइड’ टॅगला ‘फूटनोट’ हा प्रकार दिला, की अ‍ॅपल बुक्स टीप छोट्या खिडकीत उघडतं. मात्र अशी टीप ते मुख्य मजकुरातून लपवतं. म्हणजे दुव्यात एक अक्षर चुकलं तर टीप वाचकाला कुठेच सापडत नाही.

‘तत्रैव’ (आधीच्याच ग्रंथात) आणि ‘उपरोक्त’ यांच्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. खिडकीत एकच टीप दिसते, आधीची नाही. मग ‘तत्रैव, पृ. ४५’ वाचून वाचकाने करायचं काय? लेखक-संपादकाची परवानगी घेऊन तिथे ग्रंथाचं आखूड नाव घालावं. हे काम कंटाळवाणं आहे, तरी ते टाळू नये असं आमचं ठाम मत आहे. ‘पाहा पृ. ११२’ अशा पुस्तकातल्याच पानांच्या सूचनांचेही दुवे करावेत.

शेवटी प्रकरणवार मोजणी करावी: मजकुरातले आकडे आणि टिपा सारख्या भरल्या पाहिजेत. ईपबचेक हा ईपब फाइल तपासणारा प्रोग्राम तुटलेला दुवा आणि दुबार आयडी पकडतो. आठव्या आकड्याला नववी टीप जोडली असेल तर त्याला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणातली पहिली, मधली आणि शेवटची टीप बोटाने उघडून वाचावी. शेवटची जुळत नसेल तर मधल्या टिपेपासून मागे-पुढे सरकत नेमका कुठला आकडा सुटला ते लवकर सापडतं.