बंदीनंतर ओबीएम पेटत नाही? ठिणगी कुठे अडली ते असं शोधा

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठते, होडी पाण्यात जाते आणि दोरी ओढून खांदा भरून आला तरी ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन, साधं फुरफुरतही नाही. लगेच संशय जातो सीडीआयवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज साठवून सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो बदलायचा विचार सगळ्यात शेवटी करा. महाग भाग आहे, आणि दोष बऱ्याचदा खारं पाणी लागलेल्या एखाद्या वायरीत असतो. पुढची माहिती दोरीने सुरू होणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे.

१. प्लग काढा. बऱ्याचदा दोरी ओढूनही कोरडा असेल तर आधी इंधनाकडे बघा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनात प्लग काजळीने लवकर भरतो. तसा असेल तर सरळ नवा घाला. बी७एचएस-१० प्लगची फट १ मिमीच्या आसपास असते.

२. ठिणगी बघा. त्याआधी टाकी लांब ठेवा, नळी सोडवा, कव्हर काढून वाफ जाऊ द्या. गिअर न्यूट्रलला. सगळे प्लग टोपीत बसवून त्यांचा धातू ब्लॉकच्या उघड्या भागाला टेकवा, रंगावर नको, आणि प्लगच्या भोकांपासून दूर. वायर मोकळी लोंबत ठेवून दोरी ओढलीत तर चांगला सीडीआयही जाऊ शकतो. प्लग हातात धरू नका. सावलीत निळसर, टकटक वाजणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळट, बारीक असेल तर ती कमजोर.

३. कुठल्याच प्लगला ठिणगी नाही? मग स्टॉप स्विच. बहुतेक जुन्या मॅग्नेटो इंजिनांत (फिरत्या चुंबकाने स्वतःच ठिणगीची वीज बनवणाऱ्या) हा स्विच ठिणगीचा करंट अर्थला देऊन इंजिन बंद करतो. आत मीठ साचलं किंवा वायर सोलून ब्लॉकला लागली की बटण न दाबताही इंजिन बंदच राहतं. आधी सुरक्षा दोरीची क्लिप नीट बसली आहे ना ते पाहा. मग स्टॉपची वायर जोडावरून सोडवून पुन्हा ठिणगी बघा. आली, तर दोष सापडला. अशा अवस्थेत इंजिन बटणाने बंद होणार नाही, म्हणून स्विच दुरुस्त केल्याशिवाय समुद्रात जाऊ नका.

४. एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल तर प्लग आणि टोपी अदलाबदल करून बघा. हिरवे पडलेले जोड, कॉइलचा गंजलेला अर्थ बोल्ट पॉलिश पेपरने घासा.

५. एवढं करून भागलं नाही तर फ्लायव्हील, म्हणजे वरचं जड चाक, उतरवा, पुलरनेच (चाक खेचून काढायचं हत्यार). क्रँकवर हातोडा नको. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये पॉइंट, म्हणजे ठिणगीच्या वेळी उघडणारे संपर्क असतात, त्यांची फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे ०.५ मिमी. फ्लायव्हील क्रँकवर नेमक्या जागी धरणारी छोटी चावी अर्धी कापली गेली असेल तर ठिणगी येते, पण चुकीच्या वेळी, आणि इंजिन उलटा झटका देतं. चार्ज कॉइल (सीडीआयला वीज देणारी) आणि पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ ठरवणारी) मीटरने मोजून मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून बघा. इंजिन गरम झाल्यावरच बंद पडत असेल, तर बंद पडताक्षणी मोजा; गार झालेली कॉइल पुन्हा बरोबर आकडा दाखवते.

हे सगळं ठीक निघालं तरच त्याच मॉडेलचा चालू सीडीआय कोणाकडून तरी मागून लावून बघा. चाचणी पाण्याच्या ड्रममध्ये घ्या, कोरड्यात चालवलंत तर इम्पेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणारा रबरी पंखा, जळेल.