कमी खर्चात वेगवेगळे शॉट्स: या चुका टाळा

गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र) नाही, स्लायडर (कॅमेरा सरकवायची पट्टी) नाही, ड्रोन तर दूरच, म्हणून सगळे शॉट्स एकसारखे दिसतात अशी तक्रार नेहमी कानावर येते. एकसारखे दिसतात हे खरंच, पण बहुतेक वेळा दोष सामानाचा नसतो. कॅमेरा दिवसभर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि विषयापासून तेवढ्याच अंतरावर. आधी ते मोडा, जुगाड नंतर करा.

पाय न हलवता झूम करणं

फोनला वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स नसेल तर झूम म्हणजे निव्वळ चित्र कापून मोठं करणं. पुढच्या आणि मागच्या वस्तूंमधलं नातं त्याने बदलत नाही. ते बदलतं तुम्ही चालत जवळ गेल्यावर. एकच कृती तीनदा घ्या: लांबून, कमरेपासून वर, आणि फक्त हात. प्रत्येक वेळी कॅमेरा निदान ३० अंश बाजूला सरकवा. कोन जवळपास तोच ठेवून थोडंसंच पुढे गेलात, तर दोन शॉट्स जोडताना माणूस जागच्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो.

चाकं आहेत म्हणून ट्रॉली झाली, असं समजणं

कॅमेरा सरकवणाऱ्या गाडीच्या, म्हणजे ट्रॉलीच्या, जागी व्हीलचेअर वापरायचा जुगाड जुनाच आहे. १९६० च्या ‘ब्रेथलेस’ या फ्रेंच चित्रपटात छायाचित्रकार राउल कुतार व्हीलचेअरवर बसले होते आणि त्यांना ढकललं जात होतं. मग तुमचा शॉट का थरथरतो? लहान, टणक चाक फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडतं. ऑफिसची खुर्ची आणि स्केटबोर्ड यांची हीच अडचण. हवेची मोठी चाकं असलेली व्हीलचेअर मिळाली तर उत्तम. हवा किंचित कमी केली की धक्के आणखी मुरतात. कॅमेरा खुर्चीला घट्ट बांधू नका. हातात, कोपरं अंगापासून थोडी सुटी ठेवून धरा, म्हणजे थरथर हातातच जिरते. लेन्स वाइड ठेवा, कारण झूममध्ये तीच थरथर मोठी होते.

सुरुवातीलाच बाजूला झटका बसतो का? दोष बहुतेक पुढच्या छोट्या चाकांचा. दिशा बदलली की ती गर्रकन फिरतात. टेकआधी खुर्ची त्याच दिशेने हातभर ढकलून ठेवा.

गुळगुळीत फरशीवर चाकांचीही गरज नाही. जाड चादरीवर बसा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. टेबलावरच्या वस्तूंसाठी कॅमेरा टॉवेलवर ठेवून टॉवेल हळू ओढा. थोडी थरथर उरलीच, तर सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर चालवा, धक्के मंदावतात. संवाद असेल तर हा मार्ग बंद, कारण ओठ आवाजाशी जुळणार नाहीत.

इतकं करूनही शॉट सपाट वाटतो, कारण कॅमेरा मोकळ्या जागेत सरकतो. जवळून काहीच सरकलं नाही तर हालचाल जाणवत नाही. खांब, दाराची चौकट, कुंडीतली पानं, काहीतरी लेन्सच्या अगदी जवळून जाऊ द्या. मला तर वाटतं, खांबाआडून हातभर सरकलेला शॉट लांबलचक ट्रॉलीपेक्षा जास्त काम करतो.

स्टॅबिलायझेशनवर सगळं सोडून देणं

स्टॅबिलायझेशन म्हणजे फोनने थरथर आपोआप कमी करणं. पण कमी उजेडात फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो आणि ती फ्रेम हलून पुसट होते. सॉफ्टवेअर फ्रेम सरळ करतं. पुसटपणा मात्र तसाच राहतो, म्हणून चित्र मध्येच धूसर, मध्येच स्वच्छ दिसतं. उजेड वाढवा, नाहीतर थांबून शूट करा. ट्रायपॉडवर पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, चित्र आधी अडून मग झटकन सरकत असेल, तर स्टॅबिलायझेशन बंद करून बघा.

ट्रायपॉड नसेल तर कॅमेऱ्याखालच्या भोकात बसणाऱ्या स्क्रूला दोरी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ताणून धरा. वरखाली होणारी थरथर बरीच कमी होते.

खालचा आणि वरचा शॉट

लो अँगलसाठी बरेच जण उगाच गुडघे टेकतात आणि लेन्स तरी वीतभर वरच राहते. फोन उलटा धरा, लेन्स जमिनीलगत येते. खाली वाळूची छोटी पिशवी ठेवली की काम झालं.

टॉप शॉटसाठी दोन खुर्च्यांवर फळी आडवी टाका आणि फोनची लेन्स फळीबाहेर काढा. फोन चिकटपट्टीने बांधा, शिवाय वेगळ्या दोरीनेही. फक्त चिकटपट्टीच्या भरवशावर कुणाच्या डोक्यावर काहीही टांगू नका. चित्र आडव्याऐवजी उभं रेकॉर्ड होतंय? सपाट पडलेल्या फोनला दिशा कळत नाही. फोन आडवा, पण उभ्या पातळीत धरून रेकॉर्डिंग सुरू करा आणि मग फळीवर ठेवा. फोनची सावली पडत असेल तर दिवा वरून काढून बाजूला न्या.

शॉट्स एकमेकांशी न जुळणं

कॅमेरा खिडकीजवळून गेला की ऑटो एक्सपोजर (उजेड आपोआप जुळवणारी सोय) चित्र अचानक काळवंडवतं. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) तिन्ही लॉक करा. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तेव्हा शटर १/५० सेकंद ठेवलं तर हालचाल नैसर्गिक दिसते. कडक उन्हात फोन शटर फार वेगवान करतो आणि हालचाल तुटक वाटते; तेव्हा सावली शोधा किंवा लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. खोलीत दिव्यांचे पट्टे फिरताना दिसले तर वीज ५० हर्ट्झची असल्यास शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असल्यास १/६० किंवा १/१२० करा. तरीही पट्टे हटले नाहीत तर दिवा बदला.