जहाजाच्या मॉडेलचा चकचकीतपणा कसा घालवला

शिडाच्या जहाजाचं मॉडेल रंगवून झालं, तरी पाण्याखालचा तांब्याचा भाग नव्या घागरीसारखा चमकत होता. ब्रिटिश युद्धनौका ‘व्हिक्टरी’सारख्या जहाजांना 1780 च्या सुमारास तांब्याचे पत्रे ठोकले गेले, ते लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून आणि शेवाळ-शिंपल्यांपासून बचाव म्हणून. समुद्रात ते तांबं लवकरच तपकिरी पडतं. मग मॉडेलवरच लखलखाट का राहावा?

अ‍ॅक्रिलिक रंग पूर्ण वाळल्यावर आधी ग्लॉस (चकचकीत) वॉर्निशचा पातळ हात दिला. ही पायरी गाळू नका. खरखरीत मॅट (बिनचमकीच्या) पृष्ठभागावर वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला गडद रंग, डाग धरतो; गुळगुळीत पृष्ठभागावर तो पत्र्यांच्या फटींत आपोआप उतरतो. मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये चहाइतका पातळ करून लावला आणि थोडा सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पुसला.

पुसण्याची दिशा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाणरेषेच्या वर डाग वरून खाली ओघळतात, कारण डेकवरचं पाणी तसंच वाहतं. पाणरेषेखाली मात्र ब्रश पुढून मागे फिरवला, पाणी जहाजाच्या बुडाला घासत जातं तसा. हिरवट छटा फक्त पाणरेषेलगतच, तीही अगदी पुसट. तिथे हवा आणि खारं पाणी दोन्ही आलटून पालटून लागतात. लोखंडी पट्ट्यांखाली गंजाचे बारीक ओघळ दिले. ते मोजकेच बरे, जास्त झाले की जहाज भंगारात काढल्यासारखं दिसतं.

शेवटी मॅट वॉर्निश. ते मात्र तैलरंग पक्का सुकल्यावरच, त्यासाठी बरेच दिवस थांबावं लागतं.