सिग्नल, नो-पार्किंग, चलान: पुण्याच्या वाहतूक शाखेकडे काम कसे न्यावे

चौक तुंबला की पुण्यात दोघांना हमखास शिव्या बसतात: पुढच्या रिक्षावाल्याला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला. रिक्षावाल्याचे सोडा, पण त्या पोलिसाच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे ठाऊक असलेले बरे. नाहीतर तक्रार लिहिण्याचे कष्ट आपण घेतो आणि अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. हा लेख पुण्यापुरता आहे. राज्यातल्या इतर शहरांत खात्यांची नावे थोडी बदलतील, रीत साधारण हीच.

आधी टेबल ओळखा

रस्ता महापालिकेचा, त्यावरची शिस्त पोलिसांची, गाडीची नोंदणी आणि लायसन्स आरटीओचे. एवढे डोक्यात ठेवले तरी बऱ्याच खेपा वाचतात.

खड्डा, पुसलेला झेब्रा पट्टा, दुभाजकातली धोकादायक फट, कुणीतरी रातोरात घातलेला गतिरोधक ही सगळी कामे महापालिकेच्या पथ विभागाची. दिवेच लागत नसलेला सिग्नल दुरुस्त करण्याचे काम विद्युत विभागाकडे. पण सिग्नल चालू आहे आणि तुमच्या बाजूला हिरवा दिवा पुरत नाही, अशी तक्रार असेल तर वाहतूक पोलिसांकडे जा. फुटपाथवर टपरी असेल तर अतिक्रमण विभाग. त्याच फुटपाथवर चढवलेल्या दुचाकीसाठी पोलीस. नवले पुलाजवळचा महामार्ग या कुणाचाच नाही, तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे येतो. आणि हिंजवडीकरांनो, तुमचे पत्र पुण्याला पाठवू नका. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले आणि हिंजवडी त्यांच्याकडे गेली.

महापालिकेच्या कामांसाठी ‘पीएमसी केअर’ ॲपवर फोटोसकट तक्रार टाका आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. इथून पुढे पोलिसांच्या बाजूचे बोलू.

वाहतूक शाखा कशी चालते

शाखेचे रोजचे आदेश पोलीस उपायुक्त (वाहतूक) यांच्या सहीने निघतात. त्यांचे कार्यालय येरवडा टपाल कार्यालयाजवळ आहे. शहराचे वाहतूक विभाग पाडलेले आहेत: डेक्कन, स्वारगेट, कोथरूड, चतुःशृंगी वगैरे. प्रत्येक विभागाला एक प्रभारी अधिकारी असतो. तुमच्या भागातला पोलीस ठाण्याचा निरीक्षक आणि वाहतूक विभागाचा प्रभारी ही दोन वेगळी माणसे. चौकात हातवारे करणाऱ्या वॉर्डनचे काम पोलिसांना मदत करण्याचे. दंड घेण्याचा अधिकार त्याला नाही.

आता मुद्द्याचे. ‘एकेरी मार्ग’, ‘नो-पार्किंग’, ‘जड वाहनांना बंदी’ हे फलक कुणाच्या लहरीवर लागत नाहीत, निदान लागू नयेत. त्यामागे मोटार वाहन कायदा, १९८८ मधली कलमे असतात: ११५ वाहनांवर निर्बंध घालण्यासाठी, ११६ फलकांसाठी, ११७ पार्किंगच्या जागांसाठी. कलम ११५ खालचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्रात छापण्याची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. गणपतीत लक्ष्मी रस्ता बंद करणे किंवा मेट्रोच्या कामासाठी रस्ता वळवणे अशाच आदेशांनी होते.

कायमच्या बदलांसाठी पुण्यात आधी तात्पुरता आदेश निघतो. वर्तमानपत्रात तो चार ओळींत येतो: अमुक रस्त्यावर इतके मीटर दोन्ही बाजूंना नो-पार्किंग, अग्निशमन वाहने व रुग्णवाहिका वगळून. शेवटी एक वाक्य असते, नागरिकांनी आपल्या सूचना लेखी कळवाव्यात. मग मुदत आणि मग अंतिम आदेश. हे वाक्य कुणी वाचत नाही. सोसायटीतले लोक फलक लागल्यावर जागे होतात आणि दुकानदार गाड्या उचलायला लागल्यावर. मुदतीत गेलेल्या दहा पत्रांना जे वजन असते, ते नंतरच्या मोर्चाला नसते.

पी-१, पी-२ च्या फलकांचीही गोष्ट अशीच. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला आणि सम तारखेला पी-२ च्या बाजूला गाडी लावायची. तुमच्या गल्लीत ही पद्धत हवी असेल किंवा नको असेल, तरी अर्ज इथेच करायचा.

अर्ज करण्याआधी तासभर उभे राहा

‘आमच्या चौकात फार ट्रॅफिक असते’ असे पत्र फायलीत जाऊन झोपते. त्याऐवजी कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी चौकात उभे राहा आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे कोष्टक भरा: कुठल्या बाजूने किती दुचाकी, किती मोटारी, किती बस, पायी रस्ता ओलांडणारे किती. सिग्नल असेल तर मोबाइलच्या घड्याळावर एक पूर्ण फेरा मोजा. लाल किती सेकंद, हिरवा किती, आणि हिरवा संपला तेव्हा रांगेत किती गाड्या उरल्या. तीन-चार फेऱ्यांत रांग पूर्ण सुटत नसेल तर तुमच्या मागणीला आधार आहे. एका बाजूचा हिरवा वाढवला की दुसरीचा लाल वाढतो, म्हणून चारही बाजू मोजा. फक्त स्वतःची बाजू मोजून आणलेला अर्ज अनुभवी अधिकारी लगेच ओळखतो.

गतिरोधक मागताना जरा थांबा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी आरामात जाते. आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणारे अरुंद उंचवटे या मापात बसत नाहीत आणि म्हाताऱ्या माणसांच्या मणक्यांची वाट लावतात. माझे मत विचाराल तर शाळेसमोर उंचावलेला झेब्रा पट्टा मागावा, गतिरोधक नाही.

अर्जाचा नमुना असा ठेवता येईल:

प्रति,
मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), पुणे शहर

विषय: शाळेच्या फाटकासमोरील वळणावर दोन्ही बाजूंना ५० मीटर नो-पार्किंग करण्याबाबत

महोदय/महोदया,
वरील ठिकाणी सकाळी शाळा भरताना व दुपारी सुटताना वळणावरच वाहने उभी राहतात. त्यामुळे समोरून येणारे वाहन दिसत नाही व मुलांना रस्त्याच्या मधून चालावे लागते. तीन दिवसांची वाहनसंख्या, वेळ दर्शवणारे फोटो व जागेचा हातनकाशा सोबत जोडला आहे. जागेची पाहणी करून मोटार वाहन कायद्यानुसार उचित आदेश व्हावेत, ही विनंती.
प्रत: प्रभारी अधिकारी, संबंधित वाहतूक विभाग, पथ विभाग, पुणे महानगरपालिका

एका अर्जात एकच मागणी लिहा. दोन प्रती न्या. आवक-जावकच्या टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे समजा. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ हे उत्तर बऱ्याचदा खरेच असते; पालखी, विसर्जन, मोठ्या नेत्याचा दौरा असला की सगळी शाखा रस्त्यावर असते. असे आठवडे टाळून जा.

पुढे अर्ज प्रभारी अधिकाऱ्याकडे अहवालासाठी जातो. रस्त्याची रचना बदलायची असेल तर महापालिकेच्या अभियंत्यांबरोबर संयुक्त पाहणी होते. तिची तारीख विचारून घ्या आणि त्या वेळी हजर राहा. कागदावर न पटलेली गोष्ट जागेवर पटते. काहीच हालचाल दिसली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘माझे काम का झाले नाही’ असे विचारू नका. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील अहवालाची आणि टिपणीची प्रत मागा. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवस दिले आहेत. जुन्या फलकाबद्दल शंका असेल तर ज्या आदेशाने तो लागला, त्याचीही प्रत अशीच मिळते.

चलान आले तर

आधी संदेश खरा आहे का ते पाहा. चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल आली तर ती उघडू नका. त्या फाइलींनी लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्य पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक स्वतः टाकून खात्री करा.

तिथे फोटो दिसतो. तो मोठा करून बघा. नंबरप्लेटवरचा ३ हा ८ वाचला गेलाय का, गाडीचा रंग तुमचाच आहे का, जागा आणि वेळ जुळते का. जुळत नसेल तर भरू नका. तिथेच तक्रारीची सोय आहे. आरसी आणि आपल्या गाडीचा पुढून-मागून फोटो जोडा. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ सांगतो. हा नियम ऑगस्ट २०२१ मधला. तक्रार करताना त्याचा उल्लेख कामी येतो.

विकलेल्या गाडीची चलाने येत असतील तर दोष पोलिसांचा नाही. आरटीओच्या दप्तरी मालक अजून तुम्हीच आहात. फॉर्म २९ आणि ३० भरून हस्तांतरण करून घ्या, तोवर नवा मालक सिग्नल तोडेल आणि संदेश तुम्हाला येईल.

चूक आपलीच असेल तर भरून टाका. नो-पार्किंगसारख्या साध्या गुन्ह्याला पहिल्यांदा ५०० रुपये आणि पुन्हा केल्यास १,५०० असा दंड आहे. गाडी उचलली गेली असेल तर टोइंगचे पैसे वेगळे. दोन्हींची पावती मागा. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास १०,००० रुपये. आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते ती वेगळीच. ‘जवळच तर क्लास आहे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

रस्त्यात अडवले तर डिजिलॉकरमधली कागदपत्रे चालतात, नियम १३९ मध्ये तशी तरतूद आहे. नुसता गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही. चलान पटले नाही तरी तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पोलिसाच्या यंत्रात नोंद झाली की ती त्याच्या हातून पुसली जात नाही. लांबलेली चलाने राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात. तशी नोटीस आली तर तारखेला जा. दंड तडजोडीने कमी होण्याची शक्यता तिथेच असते, चौकात नाही.