जुनी आर्चटॉप (वरची फळी फुगीर असलेली) गिटार: फक्त तिसरी तार चढी वाजते

मोकळी तार ट्यूनरवर बरोबर, पण बाराव्या पडद्यावर तिसरी (जी) तार चढी. बाकी पाच ठीक. खानापूरच्या पावसाळी हवेला दोष दिला, ट्रस रॉड (मानेतली सळई) फिरवला, डोकं उठलं. खरा दोष तारेत होता. जुन्या आर्चटॉपचा लाकडी ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) बहुधा गुंडाळलेल्या (वरून बारीक तार वेढलेल्या) तिसऱ्या तारेसाठी कापलेला असतो; हल्लीच्या बारीक संचांत ती साधी येते, म्हणून चढी वाजते.

पहिली तार ०.०१२ इंच जाडीची असलेला जाझ संच घ्या, तिसरी ०.०२४ ची, गुंडाळलेलीच. तारा एकेक बदला. ब्रिज नुसत्या ताणावर उभा असतो, सगळ्या काढल्या की त्याची जागा गेलीच. मग पहिल्या-सहाव्या तारेचा बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ताडा. दाबलेला चढा असेल तर तारा किंचित सैल करून ब्रिज टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकतात तिकडे) केसभर सरकवा, उतरलेला असेल तर मानेकडे. पुन्हा सुरात लावून तपासा.